गणित बरोबर, पण दाद कुठे?

११ ऑक्टोबर २०२५ ला ठाण्याच्या डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत निघाली. ५,३५४ घरे, ७७ भूखंड आणि दीड लाखांहून जास्त अर्ज. हे नाट्यगृह हिरानंदानी मेडोजमध्ये, घोडबंदर रोडपासून अगदी जवळ आहे. एरवी तिथे नाटकाची तिकिटे विकली जातात. सोडतीच्या दिवशी मात्र मानपाडा, कासारवडवली, कल्याण, डोंबिवली, विरार अशा सगळीकडून माणसे मोबाइलमध्ये अर्ज क्रमांक उघडून येतात आणि पडद्यावर सरकणाऱ्या नावांकडे डोळे लावून बसतात. मान्यवरांच्या हस्ते कळ दाबली जाते, पुढचे सगळे संगणक करतो. संकेत क्रमांक, आरक्षणाचा प्रवर्ग, विजेते, प्रतीक्षा यादी हे सगळे त्याच्याकडून बाहेर पडते.

खरे तर या कामाला नाट्यगृहाची गरज नाही. वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनातल्या एखाद्या बंद खोलीत हीच सोडत काही मिनिटांत उरकेल, आणि तिचे गणित तसूभरही बदलणार नाही. तरी म्हाडा सभागृह घेते, पडदे लावते, थेट प्रक्षेपण करते. हा खर्च योग्यच आहे. ज्याचा नंबर लागत नाही त्याला तो आपल्या डोळ्यांदेखत लागला नाही, एवढे समाधान तरी घेऊन घरी जाता येते.

एवढे करूनही शंका जात नाही. ‘आतून सेटिंग असतं’ हे वाक्य प्रत्येक सोडतीनंतर ऐकू येते. म्हाडालाही ते ठाऊक आहे. म्हणूनच घरांच्या वितरणासाठी कोणताही प्रतिनिधी, सल्लागार किंवा दलाल नेमलेला नाही, ही सूचना तिला जाहिरातीगणिक छापावी लागते. २०२३ पासून नव्या संगणकीय प्रणालीत अर्जदाराची कागदपत्रे सोडतीच्या आधीच तपासली जातात. पूर्वी आधी नंबर लागायचा आणि मग पात्रतेसाठी महिनोन्‌महिने खेटे घालावे लागायचे. दलालाचा धंदा त्याच खेट्यांवर चालायचा. नवी पद्धत निश्चित चांगली आहे. मग माणसे संगणकाच्या निर्णयाकडे अजूनही संशयाने का पाहतात?

सोपे उत्तर असे दिले जाते की लोकांना तंत्रज्ञान कळत नाही. हे उत्तर चुकीचे आहे आणि थोडे उर्मटही. ठाणे-डोंबिवलीतला माणूस सकाळी लोकल कुठे पोहोचली ते अ‍ॅपवर पाहतो, दूधवाल्याचे पैसे क्यूआर कोडवर देतो आणि घरचा रस्ता नकाशाला विचारतो. यंत्रावर त्याचा भरवसा आहेच, पण सगळीकडे सारखा नाही. तो कुठे आहे आणि कुठे नाही, हे पाहिले तर काही उलगडते.

आधी यंत्राच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलून घेऊ. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्ये एक लहानसे पुस्तक लिहिले. रुग्णाचे किंवा कैद्याचे पुढे काय होईल याचा अंदाज अनुभवी तज्ज्ञ चांगला बांधतो की साधे आकडेवारीचे सूत्र, हा त्यांचा प्रश्न होता. उपलब्ध अभ्यासांत सूत्र बहुतेक ठिकाणी तज्ज्ञाच्या बरोबरीचे किंवा सरस ठरले. २००० मध्ये अशा १३६ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, तेव्हाही चित्र तेच राहिले. तज्ज्ञ स्पष्टपणे पुढे गेला अशी उदाहरणे मोजकीच सापडली. माणूस थकतो, ओळखीपाळखीकडे झुकतो, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे ठरवतो. महाराष्ट्राला हे परक्या देशाच्या पुस्तकातून शिकायची गरज नाही. मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकार कोट्यातून घरे वाटली जात होती, आणि त्या वाटपाचे वाद उच्च न्यायालयापर्यंत गेले. अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होण्याआधी पालक प्रत्येक कॉलेजच्या दारात वेगळा अर्ज घेऊन उभे राहत आणि देणगीची भाषा खालच्या आवाजात बोलली जाई. चिठ्ठीचपाटीच्या त्या काळाची आठवण ज्यांना आहे, ते संगणकाला सरसकट नाव ठेवणार नाहीत.

तरी भरवसा तुटतो, आणि लवकर तुटतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या बर्कली डीटव्हॉर्स्ट, जोसेफ सिमन्स आणि केड मॅसी यांनी २०१५ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. सूत्राची चूक एकदा डोळ्यांनी पाहिली की लोक ते सोडून देतात. त्याच कामात माणूस जास्त चुका करत असला तरी ते माणसालाच पसंत करतात. माणूस चुकला तर पुढच्या वेळी सुधारेल असे आपण गृहीत धरतो. यंत्र चुकले की ते तसेच चुकत राहणार असे वाटते. तीनच वर्षांनी याच संशोधकांनी जोडीचा दुसरा निष्कर्ष मांडला. सूत्राच्या उत्तरात किंचितही फेरफार करायची मुभा दिली तर तेच लोक ते आनंदाने वापरतात. मुभा किती मोठी आहे, याने फारसा फरक पडत नाही. ती असली म्हणजे पुरते.

घोडबंदर रोडवर याचा पडताळा रोज संध्याकाळी येतो. मेट्रोची कामे, गायमुख घाटाची दुरुस्ती, अवजड वाहने आणि सेवा रस्ते मुख्य रस्त्यात घेण्याची खोदाखोद यांनी हा रस्ता काही वर्षे वेठीला धरला आहे. कापूरबावडीच्या खाली नकाशा सरळ जायला सांगतो. ड्रायव्हर पुढचे लाल दिवे पाहतो आणि गाडी कोलशेतच्या बाजूला वळवतो. नकाशा मुकाट्याने नवा रस्ता मोजून देतो. तो कितीदा चुकला तरी माणूस त्याच्यावर चिडत नाही, कारण त्याचे न ऐकण्याची मोकळीक माणसाकडे राहते. ही मोकळीक वापरली नाही तर काय होते तेही जवळच दिसले. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला एक महिला नकाशा सांगेल तशी पुलाखालच्या रस्त्याने गेली आणि गाडीसह खाडीत पडली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वाचवले.

अकरावीच्या यादीत मात्र वळायला रस्ता नसतो. मुंबई महानगर क्षेत्रात, म्हणजे ठाणे, कल्याण, डोंबिवलीसकट, हे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन आहेत, आणि २०२५ पासून सगळ्या राज्यात. या प्रक्रियेचे सूत्र मुळात सरळ आहे. गुणांच्या उतरत्या क्रमाने एकेक विद्यार्थी घ्यायचा, त्याची पसंतीची यादी वरून खाली वाचायची आणि त्याच्या प्रवर्गात जिथे पहिली जागा शिल्लक दिसेल ती त्याला द्यायची. मग पुढचा विद्यार्थी. ठाण्याच्या बांदोडकरला जागा नसेल तर कल्याणचे बिर्ला, तिथे नसेल तर डोंबिवलीचे पेंढरकर, असे यंत्र उतरत जाते.

या पद्धतीत अवघड कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकल्याने खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही. तुमची पाळी तुमच्या गुणांवर येते, पसंतीच्या क्रमावर नाही. तरी दर जूनमध्ये सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकच सल्ला फिरतो: ‘वर मोठं कॉलेज टाकू नका, चान्स वाया जातो.’ कित्येक मुले तो ऐकून स्वतःचेच नुकसान करून घेतात. पालकांना मूर्ख म्हणून हा प्रश्न सुटत नाही. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, हा नियम त्यांना ठाऊक असतो आणि त्याची धास्तीही असते. इनहाऊस, अल्पसंख्याक, व्यवस्थापन हे कोटे असतात, त्यांतल्या किती जागा कधी परत येतील हे सांगता येत नाही. त्यात २१ मे २०२५ ला, राज्यभराच्या नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी पुढे ढकलावी लागली. जी व्यवस्था पान उघडू शकत नाही ती माझ्या मुलीचे गुण नीट वाचेल का, ही शंका अशा वेळी कुणाच्याही मनात येईल.

एमएचटी-सीईटीची तक्रार याहून खोल आहे. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी. म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल देतात, म्हणजे त्याच सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती टक्के होते तो आकडा. सोप्या सत्रात १२० मिळवणारा अवघड सत्रात ११० मिळवणाऱ्याच्या मागे पडू शकतो. यामागे एक गृहीतक आहे. सगळ्या सत्रांतली मुले सरासरीने सारख्याच तयारीची आहेत, असे ते गृहीतक. हजारो मुले सत्रांत यादृच्छिक वाटली तर ते बऱ्याच अंशी खरे ठरते. पण हे कुणी शांतपणे बसून सांगत नाही. मुलाच्या हाती निव्वळ दशांशातला एक आकडा येतो. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताचे २१ प्रश्न सदोष निघाले. सुमारे २७ हजार ८०० विद्यार्थ्यांची परीक्षा ५ मे रोजी पुन्हा घ्यावी लागली. चूक प्रश्नपत्रिका करणाऱ्यांची, सूत्राची नव्हे. तरी त्या दिवसापासून अविश्वास सूत्राच्याच वाट्याला आला.

मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये हेच अनुभवले. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय ऐन हंगामात घेतला गेला, आणि सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका पुरेशी चाचणी न करता त्या यंत्रणेत ढकलल्या गेल्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल रखडले, परदेशी जाणाऱ्यांचे प्रवेश टांगणीला लागले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. गुण देणारे शेवटपर्यंत प्राध्यापकच होते. बोल मात्र ‘ऑनलाइन असेसमेंट’ला लागला. घाईचा निर्णय माणसे घेतात, आणि तो अंगाशी आला की यंत्र पुढे केले जाते. संशयाचे हे एक मोठे मूळ आहे, आणि ते कार्यालयांनीच रुजवले आहे.

घोडबंदर रोडवर घर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाची गाठ आणखी एका आकड्याशी पडते. सिबिल, म्हणजे पतकंपनीने कर्जदाराला दिलेला गुणांक. ३०० ते ९०० मधला हा आकडा हप्ते वेळेवर भरले का, कार्डाच्या मर्यादेपैकी किती वापरली, कर्ज किती जुने, अलीकडे किती ठिकाणी कर्ज मागितले यावर ठरतो. नेमके कशाला किती वजन, हे ग्राहकाला सांगितले जात नाही. देशात असा आकडा देणाऱ्या चार कंपन्या आहेत, आणि एकाच माणसाचा आकडा चौघींकडे वेगवेगळा असू शकतो. बँकेत विचारले तर समोरचा अधिकारी हताशपणे सांगतो, ‘सिस्टीम घेत नाही.’ तोही खोटे बोलत नसतो. निर्णयाचा अधिकार त्याच्या टेबलावरून उचलला गेला आहे, पण ग्राहकाचे ऐकून घ्यायचे काम तिथेच राहिले आहे.

मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याला हे अधिक जाचते. अवकाळीने पीक गेले म्हणून हप्ता चुकला, की ऐपत असून बुडवला, हे त्या आकड्याला कळत नाही. पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना बँकर्सच्या बैठकीत बजावावे लागले, ते या संतापामुळेच. तरीही याच क्षेत्रात सुधारणेचा एक चांगला धडा आहे. रिझर्व्ह बँकेने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत देणे बंधनकारक केले. चुकीची नोंद ३० दिवसांत निस्तरली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून नोंदी दर पंधरवड्याला अद्ययावत करणे सक्तीचे झाले. सूत्र अजून गुप्तच आहे, पण भांडायला जागा मिळाली आहे.

जेवण पोहोचवणाऱ्या रायडरकडे तीही नाही. हिरानंदानी इस्टेट किंवा आनंदनगरच्या हॉटेलांबाहेर संध्याकाळी बाइकवर बसलेली मुले मोबाइलकडे पाहत असतात. पुढची ऑर्डर कुणाला, किती पैशांत, कुठल्या अंतराची, हे अ‍ॅप ठरवते. ‘आयडी बंद झाला’ हे त्यांच्यातले सर्वांत भीतीचे वाक्य आहे. मुकादमाने काढून टाकले तर निदान त्याच्या तोंडावर कारण विचारता येते. इटलीत बोलोन्याच्या न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये एका डिलिव्हरी कंपनीचे सूत्र भेदभाव करणारे ठरवले, कारण पाळी का चुकली हे ते पाहतच नव्हते. आजारी पडलेला, संपावर गेलेला आणि दांडी मारणारा, तिघे त्याच्या लेखी एक. २०२३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने यंत्रवत कामावरून काढलेल्या टॅक्सीचालकांच्या बाजूने निकाल दिला. कर्नाटकाने २०२५ च्या गिग कामगार कायद्यात स्वयंचलित निर्णयांची माहिती कामगाराला देण्याचे कलम घातले. मुंबईत जुलै २०२५ मध्ये अ‍ॅपवरचे टॅक्सीचालक आझाद मैदानात उतरले, तेव्हा भाडे ठरवण्याचा अधिकार अ‍ॅपकडे न राहता सरकारी दर लागू व्हावेत, हीच त्यांची मुख्य मागणी होती.

अविश्वास हा निव्वळ मनाचा खेळ आहे असे म्हणणाऱ्यांनी नेदरलँड्सकडे पाहावे. तिथल्या करखात्याने पाळणाघराच्या अनुदानातली फसवणूक शोधायला जोखीम मोजणारी प्रणाली लावली. दुहेरी नागरिकत्व हेही तिच्या लेखी जोखमीचे चिन्ह होते. हजारो कुटुंबांना चोर ठरवून वसुली झाली, घरे मोडली, आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्खे मंत्रिमंडळ पायउतार झाले. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा न घेता सूत्राने श्रेणी दिल्या. शिक्षकांनी सुचवलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के खाली आल्या. शाळेचा पूर्वीचा निकाल सूत्रात धरलेला असल्याने सामान्य शाळेतल्या हुशार मुलांना त्याचा फटका बसला. चार दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. आपल्या सीमेपलीकडे तेलंगणात सुमारे १९ लाख रेशनकार्डे संगणकीय छाननीत रद्द झाली होती. प्रत्यक्ष घरी जाऊन ती पुन्हा तपासा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. या तिन्ही ठिकाणी संशय घेणारे अडाणी नव्हते. ते बरोबर होते.

आणखी एक कारण आहे, ते मात्र माणसाच्या आतले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लोकांना डॉक्टर आणि यंत्र यांची अचूकता सारखीच असल्याचे सांगितले, तरी त्यांनी डॉक्टरच पसंत केला. माझे दुखणे इतरांसारखे नाही आणि यंत्र मला सरासरीत मोजेल, अशी धास्ती त्यामागे आढळली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने उलट बाजू दाखवली. कुणाचे वजन ओळखणे, गाण्याची लोकप्रियता सांगणे अशा मोजण्याच्या कामांत सामान्य माणूस माणसापेक्षा यंत्राचा सल्ला अधिक मानतो. मोजायचे ते यंत्राने मोजावे, पण माझे काय करायचे हे ठरवताना कुणीतरी माझ्याकडे पाहावे, अशी ही अपेक्षा आहे. ती अवाजवी मुळीच नाही.

नवजात बाळाचा अ‍ॅपगार स्कोअरही एक सूत्रच आहे. डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी १९५२ मध्ये ते मांडले: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद, रंग, प्रत्येकी शून्य ते दोन गुण. ठाण्यातल्या प्रसूतिगृहांत आजही ते वापरतात आणि त्याविरुद्ध कुणी मोर्चा काढलेला नाही. पाच गोष्टी उघड आहेत, नर्सला आणि आईला समजावून सांगता येतात, आणि आकडा कितीही आला तरी बाळाला हातात घेणारी डॉक्टर तिथेच उभी असते.

कायद्याची बाजू आपल्याकडे अजून अपुरी आहे. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने निव्वळ यंत्राने घेतलेल्या गंभीर निर्णयात माणसाचा हस्तक्षेप मागण्याचा हक्क दिला. भारताचा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यात चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे, निर्णयाचे कारण मागण्याचा नाही. म्हाडा, शिक्षण विभाग, सीईटी कक्ष यांना निदान माहिती अधिकारात विचारता येते. खाजगी कंपनीच्या सूत्रापुढे तो कायदाही थांबतो.

वर्तमानपत्रात लेख लिहून किंवा शाळेत कार्यशाळा घेऊन हा अविश्वास ओसरणार नाही. म्हाडाने सोडत उघड्यावर आणली आणि पात्रता आधी तपासली, तेव्हा दलालाची जागा आक्रसली. रिझर्व्ह बँकेने चुकीला दिवसाचे १०० रुपये लावले, तेव्हा पतकंपन्यांना तक्रारीची दखल घेणे भाग पडले. भरवसा अशाच कामांतून येतो. अकरावीची पुढची यादी लागण्याआधी शिक्षण विभागाने एवढे तरी करावे: जागावाटपाचे सूत्र एका पानात, मराठीत, उदाहरणासह छापावे, कोट्यातल्या परत आलेल्या जागा फेरीगणिक जाहीर कराव्यात, आणि प्रत्येक यादीखाली तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, पत्ता आणि उत्तराची मुदत लिहावी. सीईटी कक्ष, बँका आणि अ‍ॅप कंपन्यांकडेही हीच मागणी आहे. वाचकांनी आपल्या परीने दोन गोष्टी कराव्यात. पतअहवाल वर्षातून एकदा मागवून ओळ न्‌ ओळ वाचावा. आणि ‘सिस्टीम घेत नाही’ असे कुणी सांगितले तर तेवढ्यावर परत न येता नकाराचे कारण लेखी मागावे.